नौकानयनातील मराठी शब्दसंपदा

नौकेचे अवयव, तिच्यावरील माणसे, वारे आणि भरती-ओहोटी यांसाठी मराठीत रूढ असलेल्या शब्दांना स्थूलमानाने नौकानयनातील शब्दसंपदा म्हणता येईल. यांपैकी बहुतेक शब्द कोकण किनाऱ्यावरील कोळी, गाबीत, खारवी, भंडारी, दालदी आदी समाजांच्या बोलण्यात घडले व टिकले.

नौकेचे भाग
नौकेच्या पुढच्या टोकास नाळ व मागच्या टोकास वरामा म्हणतात. शीड ज्या उभ्या खांबावर चढवतात ती डोलकाठी. शिडाची कड ज्या लांब दांड्याला बांधतात ते परबाण. अरुंद होडी कलंडू नये म्हणून तिच्या बाजूला आडव्या दांड्यांनी जोडलेले तरते लाकूड म्हणजे उलांडी. पाण्याची खोली वाव या मापाने सांगतात. दोन्ही हात पसरल्यावर होणारे अंतर, म्हणजे सुमारे सहा फूट, म्हणजे एक वाव.

माणसे, वारे आणि पाणी
नौकेचा मालक नाखवा, तिच्यावरील प्रमुख तांडेल, इतर खलाशी. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहणारे ते खारे वारे. रात्री जमिनीकडून सुटणारे ते मतलई. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती म्हणजे उधाण, अष्टमीच्या सुमाराची लहान भरती म्हणजे भांग.

शब्दांचे मूळ
अरबी समुद्रावरील व्यापाराची खूण या शब्दांवर स्पष्ट उमटली आहे. सुकाणू, खलाशी व गुराब हे शब्द अरबीतून, नाखवा व बंदर फारसीतून, तर आरमार पोर्तुगीजातून आला. गुराब या जहाजनामाचा मूळ अरबी अर्थ कावळा असा आहे. नांगर या शब्दाची कथा विशेष लक्षणीय आहे. शेतातला नांगर संस्कृत ‘लाङ्गल’पासून, तर जहाजाचा नांगर फारसी ‘लंगर’पासून आला असे मानले जाते, दोन निराळे शब्द मराठीत एकाच रूपात येऊन मिळाले.

वापर व ऱ्हास
रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण असून गुराबा व गलबते यांच्या प्रमाणाचा आणि जहाजांसाठी लागणाऱ्या लाकडाचा विचार तेथे केलेला आहे. मोल्सवर्थ यांच्या कोशातही (दुसरी आवृत्ती १८५७) नौकाविषयक अनेक शब्द सापडतात. मासेमारीच्या होड्यांवर यंत्रे बसू लागल्यावर शीड मागे पडले आणि परबाणासारखे शब्द बोलण्यातून जाऊ लागले. याचा परिणाम केवळ किनाऱ्यापुरता नाही. ‘नाळ’ म्हटल्यावर आजच्या विद्यार्थ्यास बाळाची किंवा घोड्याची नाळ आठवते; त्यामुळे आरमाराविषयीच्या जुन्या कागदातले साधे वाक्यही त्याला अडते.

घाटावरील शब्द
घाटावर हा शब्दसाठा मुळातच वेगळा आहे. मुळशी तालुक्यातील कासारसाईसारख्या धरणाच्या जलाशयाला भरती-ओहोटी नसते, तेव्हा उधाण व भांग यांचे तेथे प्रयोजन नाही; आणि नांगर म्हटला की तो शेतातलाच. घाटावरील नद्यांनी मराठीला होडी, वल्हे, नावाडी, तर (नदी ओलांडणारी नाव) आणि सांगड हे शब्द दिले. लाकडे किंवा वाळके भोपळे एकत्र बांधून केलेले तरण्याचे साधन म्हणजे सांगड; ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. किनाऱ्यावरचा सुकाणू मात्र घाट चढून आला असून ‘सुकाणू समिती’च्या रूपाने शासकीय मराठीत स्थिरावला आहे.