मेक्सिकोतील परतलेले इंग्रजी शिक्षक

लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेलेले, तिथल्या सरकारी शाळांत वाढलेले आणि पुढे हद्दपार होऊन किंवा आपणहून मायदेशी आलेले मेक्सिकन तरुण, जे उपजीविकेसाठी इंग्रजी शिकवू लागले. २००५ ते २०१० या काळात अमेरिकेतून सुमारे १४ लाख लोक मेक्सिकोत आले, असा प्यू रिसर्च सेंटरचा अंदाज आहे. त्यात अमेरिकेत जन्मलेली मुलेही धरली आहेत.

या शिक्षकांच्या इंग्रजीमागे एक न्यायनिवाडा आहे. टेक्सासमधल्या ‘प्लायलर विरुद्ध डो’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ठरवले, की रहिवासाची कागदपत्रे नाहीत म्हणून मुलांना सरकारी शाळेबाहेर ठेवता येणार नाही. शाळा संपली की मात्र नोकरीचा परवाना नाही आणि कॉलेजची फी परवडत नाही. शिवाय १९९६ च्या कायद्यानुसार, सज्ञान झाल्यावर वर्षभर किंवा अधिक काळ बेकायदा राहून देश सोडला, तर १० वर्षे प्रवेशबंदी. त्यामुळे आजारी आजीला भेटायला गेलेलाही तिकडेच अडकतो.

मेक्सिकोत पहिली नोकरी बहुधा कॉल सेंटरची. राजधानीत अशी केंद्रे आणि परतलेले तरुण जमलेल्या क्रांतिस्मारकाच्या परिसराला तर ‘लिटल एलए’ (छोटे लॉस एंजेलिस) म्हणतात. शिकवणे हा दुसरा मार्ग. २००९ पासून सरकारने प्राथमिक शाळांत इंग्रजी आणायला सुरुवात केली आणि शिक्षक कमी पडले. ग्वानाह्वातो विद्यापीठासारख्या ठिकाणी इंग्रजी अध्यापनाच्या पदवीला असे विद्यार्थी दिसतात आणि त्यांच्यावर संशोधनही झाले आहे.

प्रवेश किंवा नोकरी मिळवताना खरी कसोटी कागदांची. अमेरिकेतल्या दाखल्यावर एकच आडनाव, मेक्सिकन जन्मदाखल्यावर वडिलांचे आणि आईचे अशी दोन. दोन्ही कागद एकाच माणसाचे, हे पटवण्यातच महिने जातात. परदेशी शालेय दाखल्यांवर ‘अपोस्टिल’, म्हणजे कागद खरा असल्याची अधिकृत मोहोर, असण्याची अट २०१५ मध्ये निघाली, तरी खिडकीवरच्या कारकुनापर्यंत ती बातमी पोहोचायला वेळ लागला.

वर्गात उच्चार अस्सल, पण ‘इथे हाच काळ का?’ असे विद्यार्थ्याने विचारले की उत्तर अडते, कारण भाषा कानाने आलेली असते, व्याकरणातून नव्हे. उलट लेखी स्पॅनिश कच्ची. स्वरांवरच्या आघातचिन्हांत गुण जातात. काही सहकारी त्यांना ‘पोचो’ (अमेरिकाळलेला मेक्सिकन) म्हणून हिणवतात, आणि खासगी क्लासचालक फळ्यापुढे गोरा चेहराच हवा म्हणतात, हा दुजाभावच आहे. सरकारी योजनेतली नेमणूक बरेचदा कंत्राटी, तासांवर. म्हणून संध्याकाळी शिकवण्या चालूच राहतात.