तांबडी पेशी आपली मोडतोड कशी आवरते?

माणसाच्या शरीरातील तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. परिपक्व होताना ती आपले केंद्रक टाकून देते. त्यानंतर तिला एकही नवे प्रथिन घडवता येत नाही. सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिन रेणू आणि सुरुवातीस मिळालेली विकरे एवढ्या शिदोरीवर तिला उरलेले आयुष्य काढायचे असते. प्राणवायू वाहता वाहता तिच्या प्रथिनांना इजा होतच राहते. या बिघडलेल्या प्रथिनांचे पुढे काय होते, हे समजण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. आणि त्या वाटेवर मुंबईही लागते.

१८९० मध्ये जर्मनीतील रॉबर्ट हाइन्झ यांना विशिष्ट रसायनांची बाधा झालेल्या प्राण्यांच्या तांबड्या पेशींत बारीक कण दिसले. हे कण म्हणजे बिघडून साकळलेले हिमोग्लोबिन. असे कण साठलेली पेशी ताठर होते आणि प्लीहेत अडकून नष्ट होते.

पुढचा धागा हिवतापाच्या औषधाने दिला. शिकागोजवळील स्टेटव्हिल तुरुंगातील कैद्यांवर प्रायमाक्वीनच्या चाचण्या होत असताना काहींच्या तांबड्या पेशी झपाट्याने फुटू लागल्या. त्यातही आधी फुटत त्या म्हाताऱ्या पेशी; तरुण पेशी तग धरत. १९५६ मध्ये कारण सापडले. या व्यक्तींमध्ये जी-६-पीडी हे विकर उणे होते. ऑक्सिडीभवनापासून पेशीचे रक्षण करणारी रसद याच विकरामुळे मिळते. पेशीचे वय वाढते तसे ते झिजते, आणि त्याची भरपाई करण्याची सोय पेशीत नसते.

अवघ्या पाच वर्षांत, १९६१ मध्ये, मुंबईतील बक्षी, बालकृष्णन आणि संघवी यांनी मुंबईच्या रहिवाशांमधील या न्यूनतेची निरीक्षणे ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केली. १९६३ मध्ये पारशी समाजाची पाहणीही प्रसिद्ध झाली. दूरच्या तुरुंगात दिसलेला दोष आपल्या शेजारच्या घरांतही आहे, हे यातून स्पष्ट झाले. भारतात वरचेवर आढळणाऱ्या या दोषाच्या एका प्रकाराला आज ‘केरळ-कल्याण’ असे नाव आहे.

परंतु इजा झालेले प्रथिन पेशी स्वतः मोडू शकते का, हा प्रश्न उरलाच होता. १९७७ मध्ये एटलिंगर आणि गोल्डबर्ग यांनी सशाच्या अपरिपक्व तांबड्या पेशींचा अर्क घेतला. सदोष प्रथिने तो वेगाने मोडत असे, पण त्यासाठी त्याला एटीपीची ऊर्जा लागे. मोडण्याच्या क्रियेत ऊर्जा सुटायला हवी. येथे ती खर्च का व्हावी? याच अर्कावर काम करून हर्श्को, सिखानोव्हर आणि रोझ यांनी उलगडा केला. नष्ट करावयाच्या प्रथिनावर आधी युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची खूण चढते, आणि ऊर्जा लागते ती या निवडीसाठी. या शोधास २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

परिपक्व पेशीची रीत मात्र थोडी वेगळी निघाली. १९८७ मध्ये डेव्हिस आणि गोल्डबर्ग यांनी दाखविले की, ऑक्सिजनच्या मुक्त मूलकांनी दुखावलेली प्रथिने तांबड्या पेशी एटीपीवाचूनही मोडतात. पुढील संशोधनातून हे काम मुख्यतः प्रोटिअसोम या पिंपाच्या आकाराच्या यंत्रणेचे असल्याचे पुढे आले. इजा झालेल्या प्रथिनाची घडी विस्कटते, आत दडलेले जलविरोधी भाग उघडे पडतात, आणि तीच त्याची ओळख ठरते. मात्र या यंत्रणेलाही मर्यादा आहे. इजेचा वेग सफाईच्या वेगापुढे गेला, की हाइन्झ यांनी पाहिलेले कण साठू लागतात.

ही मर्यादा आजही रुग्णाच्या खाटेपाशी जाणवते. व्हायव्हॅक्स हिवतापाचे परजीवी यकृतात दडून राहतात. ते समूळ जावेत म्हणून भारतात १४ दिवस प्रायमाक्वीन दिले जाते. जी-६-पीडी उणे असलेल्या रुग्णास तेच औषध घातक ठरू शकते. लघवी काळसर होणे ही धोक्याची खूण, आणि ती दिसताच औषध थांबवून डॉक्टरांना गाठावे लागते. २०३० पर्यंत देश हिवतापमुक्त करण्याचे उद्दिष्ट आहे. ते गाठताना औषधाच्या गोळ्यांइतकीच या विकराची साधी चाचणीही गावोगावी पोहोचणे आवश्यक आहे. नवे काहीच घडवू न शकणाऱ्या पेशीवर किती भार टाकावा, हे त्या चाचणीवाचून कळत नाही.