ग्रेनने बदललेली नजर : स्टीफन शोअर आणि ८×१० इंची निगेटिव्ह

१/८ १९७२ साली स्टीफन शोअर हा तरुण छायाचित्रकार रोलाय ३५ हा खिशात मावणारा कॅमेरा घेऊन अमेरिकाभर फिरला. मोटेलच्या खोल्या, ताटातले पदार्थ, ओसाड रस्ते यांची ही रंगीत छायाचित्रे पुढे ‘अमेरिकन सर्फेसेस’ या नावाने ओळखली गेली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या लाइट गॅलरीत ती मांडली गेली. पण लहान आकारात.

२/८ शोअरला मोठे प्रिंट हवे होते. अडसर होता ग्रेनचा. रंगीत निगेटिव्ह धुताना चांदी निघून जाते आणि तिच्या स्फटिकांभोवती तयार झालेले रंगांचे सूक्ष्म पुंजके मागे उरतात. प्रतिमा मोठी केली की हे पुंजकेही मोठे होतात आणि बारीक तपशील त्यांत हरवतो.

३/८ यावर उपाय दोनच : फिल्म अधिक बारीक ग्रेनची हवी, किंवा निगेटिव्ह मोठी हवी. त्या काळच्या कोडाकलर फिल्मची मर्यादा ओळखून शोअरने दुसरी वाट धरली. १९७३ मध्ये ४×५ इंची आणि १९७४ पासून ८×१० इंची कॅमेरा त्याने वापरला.

४/८ ८×१० निगेटिव्हचे क्षेत्रफळ ३५ मिमी फ्रेमच्या सुमारे ६० पट असते. तिच्यावरून त्याच आकाराचा कॉन्टॅक्ट प्रिंट काढताना प्रतिमा मोठी करावीच लागत नाही; ग्रेन जणू अदृश्य होतो.

५/८ मात्र याची किंमत वेळेत मोजावी लागे. बारीक ग्रेनची फिल्म मंद असते. त्यात जवळचे आणि दूरचे सारेच स्पष्ट हवे, तर लेन्सचे छिद्र अगदी लहान ठेवावे लागते. परिणामी शटर बराच वेळ उघडे राहते.

६/८ दीर्घ एक्स्पोजरमध्ये फिल्मचे तिन्ही रंगथर सारख्या प्रमाणात प्रतिसाद देत नाहीत आणि रंगांचा तोल ढळतो. म्हणूनच कोडॅकची व्हेरिकलर २ ही फिल्म दोन प्रकारांत मिळे : ‘एस’ अल्प एक्स्पोजरसाठी, ‘एल’ दीर्घ एक्स्पोजरसाठी. फिल्म निवडणे म्हणजे काळाचा कोणता तुकडा टिपायचा, हे आधीच ठरवणे होते.

७/८ महागडी फिल्म आणि तिपाईवरचा अवजड कॅमेरा यांमुळे शोअरची नजरही संथ झाली. लॉस एंजेलिसमधील बेव्हर्ली बुलेव्हार्ड आणि ला ब्रेआ अव्हेन्यू यांच्या चौकाचे १९७५ चे छायाचित्र पाहावे : पेट्रोल पंप, खांब, तारा, पाट्या; प्रत्येक गोष्ट मोजूनमापून जागेवर आहे. १९८२ च्या ‘अनकॉमन प्लेसेस’ या पुस्तकाची भाषा अशी घडली.

८/८ आता प्रश्न उरतो तो टिकण्याचा. रंगीत निगेटिव्हमधले रंग अंधारातही हळूहळू विरतात. थंड, कोरड्या जागी ठेवल्यास हा ऱ्हास मंदावतो. कागदपत्रांना वाळवी लागते, तसा छायाचित्रांना हा ऱ्हास. १९७० च्या दशकातील अमेरिकन रस्त्यांचे रंग पुढच्या पिढ्यांना दिसतील की नाही, हे फिल्म निवडणाऱ्याइतकेच ती जपणाऱ्याच्याही हाती आहे.