सर इयान मॅकेलन : मौन सोडलेला नट

जगभरच्या चित्रपटप्रेक्षकांना इयान मॅकेलन 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधील गँडाल्फ म्हणून ठाऊक असले, तरी त्यांची खरी कर्मभूमी रंगमंचच. २५ मे १९३९ रोजी इंग्लंडमधील बर्नली येथे जन्मलेले मॅकेलन केंब्रिजच्या विद्यार्थी-नाटकांतून घडले आणि १९६१ मध्ये कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरमधून व्यावसायिक रंगभूमीवर आले. पुरुषांमधील समलिंगी संबंध तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होता. तो कायदा १९६७ मध्ये सैल झाला, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. नटाने खासगी आयुष्याबद्दल गप्प राहावे, ही सवय त्या पिढीला अशीच लागली.

१९६९ च्या एडिंबरा महोत्सवात शेक्सपिअरचा दुसरा रिचर्ड आणि मार्लोचा दुसरा एडवर्ड हे दोन राजे त्यांनी साकारले आणि त्यांचे नाव झाले. एडवर्डने आपल्या प्रियकराचे चुंबन घेण्याच्या प्रसंगावर तेथे आक्षेपही घेतले गेले. १९७६ मध्ये ट्रेव्हर नन यांच्या दिग्दर्शनाखाली ज्यूडी डेंच यांच्यासमवेत केलेला 'मॅकबेथ' आजही मानदंड मानला जातो. १९७९ मध्ये आलेल्या 'बेंट'मध्ये त्यांनी नाझी छळछावणीतील समलिंगी कैदी उभा केला, तर 'अमेडिअस'मधील सालिएरीने १९८१ चा टोनी पुरस्कार मिळवून दिला. विसंगती अशी, की समलिंगी व्यक्तिरेखा निर्भयपणे रंगवणारा हा नट जाहीरपणे स्वतःविषयी अवाक्षर काढत नव्हता. सहकाऱ्यांना ठाऊक होते, एवढेच.

हे मौन सुटले ते एका कायद्यामुळे. मार्गारेट थॅचर सरकारच्या काळात आलेले 'कलम २८' स्थानिक संस्थांना समलैंगिकतेचा 'प्रसार' करण्यास आणि शाळांमध्ये अशा नात्यांना कुटुंब म्हणून मान्य करणाऱ्या शिक्षणाला चालना देण्यास मनाई करणारे होते. जानेवारी १९८८ मध्ये बीबीसी रेडिओ ३ वर पत्रकार पेरेग्रिन वर्स्थॉर्न यांच्याशी वाद चालू असताना, आपण स्वतः समलिंगी आहोत, असे मॅकेलन यांनी सांगून टाकले. वय अठ्ठेचाळीस. कायदा मात्र थांबला नाही. मे महिन्यात तो अमलात आला.

१९८९ मध्ये 'स्टोनवॉल' या हक्कसंस्थेच्या संस्थापकांत ते होते. १९९१ मध्ये 'सर' किताब स्वीकारल्यावर दिग्दर्शक डेरेक जार्मन यांनी त्यांच्यावर कठोर टीका केली : ज्या सरकारने हा कायदा आणला त्याच्याकडून सन्मान कसा घ्यायचा? प्रश्न बिनतोड होता. परंतु त्याच वर्षी मॅकेलन पंतप्रधान जॉन मेजर यांना भेटून याच प्रश्नांवर बोलले, हेही नोंदवले पाहिजे. कलम २८ स्कॉटलंडमध्ये २००० साली आणि इंग्लंड-वेल्समध्ये २००३ साली रद्द झाले.

कबुलीमुळे कारकीर्द संपेल, ही धास्ती खोटी ठरली. 'गॉड्स अँड मॉन्स्टर्स'मधील समलिंगी दिग्दर्शकाच्या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. पूर्वी आपला अभिनय लपण्यासाठी होता, नंतर तो खरे सांगण्यासाठी झाला, असे ते स्वतः सांगत आले आहेत. २०१६ मध्ये शेक्सपिअरवरील चित्रपटांच्या निमित्ताने ते मुंबईत आले, तेव्हा ब्रिटिशांनीच भारतावर लादलेल्या कलम ३७७ वरही बोलले. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्या कलमातून वगळले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. पुढच्याच वर्षी, ऐंशीव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, मॅकेलन ब्रिटनभर एकपात्री प्रयोग करत हिंडत होते.