चित्र कुणाचं, अर्थ कुणाचा?

दोन वर्षांपूर्वी ऑफिसने आमच्या टीमला लोणावळ्याजवळ एका रिसॉर्टवर नेलं होतं. जेवणानंतर सगळ्यांना गोल बसवलं आणि मधोमध कार्डं पसरली. अर्ध्यांवर चित्रं, अर्ध्यांवर एकेक शब्द. दोन्हींतलं एकेक उचलायचं आणि आयुष्यातल्या एका नात्याबद्दल बोलायचं. माझ्या वाट्याला अर्धवट उघडं दार आणि ‘उशीर’ हा शब्द आला. मी बाबांबद्दल बोलले. चार महिने आमचं नीट बोलणं नव्हतं, हे तोवर मी जवळच्या मैत्रिणीलाही सांगितलं नव्हतं. बोलून हलकं वाटलं. पुढे अप्रेझलच्या वेळी मॅनेजर म्हणाले, “घरचं टेन्शन कामात येतंय का? त्या दिवशी तू म्हणालीस ना...”

मग मी या कार्डांचा इतिहास शोधायला बसले.

अशा कार्डांचं एक मूळ हार्वर्डच्या सायकॉलॉजिकल क्लिनिकमध्ये सापडतं. १९३५ साली ख्रिस्तियाना मॉर्गन आणि हेन्री मरे यांनी थीमॅटिक अ‍ॅपरसेप्शन टेस्टवरचा लेख प्रसिद्ध केला. समोर चित्र ठेवायचं आणि त्यावर गोष्ट रचायला सांगायची. व्हायोलिनसमोर बसलेला मुलगा, तोंड फिरवलेल्या पुरुषाचे खांदे धरून असलेली बाई अशी चित्रं. पुढे रूढ झालेल्या संचात ३१ कार्डं होती, त्यांतलं एक चक्क कोरं. चित्रातल्या माणसांबद्दल बोलताना माणूस नकळत स्वतःबद्दल बोलतो, हे त्यामागचं गृहीतक. पण ती गोष्ट टिपून घेणार परीक्षक आणि अर्थही तोच लावणार. सांगणाऱ्याचं काम सांगून संपलं.

यातली एक गोष्ट मला फार लागली. १९३५च्या लेखावर मॉर्गनबाईंचं नाव पहिलं होतं, काही चित्रंही त्यांनीच काढली होती. १९४३ साली ही चाचणी हार्वर्डने छापली तेव्हा त्यावर मरे आणि ‘क्लिनिकचे कर्मचारी’ एवढंच उरलं. मरे विवाहित होते आणि या दोघांचे प्रेमसंबंध कित्येक दशकं टिकले. लोकांना नात्यांच्या गोष्टी सांगायला लावणाऱ्या कार्डांमागे असं एक नातं होतं.

दुसरी वाट ब्राझीलमधली. १९६३ साली ईशान्येकडच्या आंजिकोस गावात पाउलो फ्रेइरे यांच्या गटाने सुमारे ३०० कष्टकऱ्यांसाठी साक्षरतेचे वर्ग चालवले, अवघ्या ४० तासांचे. या पद्धतीत वर्गाला ‘संस्कृती मंडळ’ म्हणत. सुरुवात चित्राने व्हायची, अक्षरं नंतर. फ्रान्सिस्को ब्रेनांद या चित्रकाराने यासाठी चित्रं काढली होती. भिंतीवर चित्र दाखवायचं आणि विचारायचं, यात काय दिसतं? यातलं माणसाने काय केलं, निसर्गाने काय? त्यावर चर्चा झाली की मग शब्द. उदाहरणार्थ ‘तिजोलो’, म्हणजे वीट. तो शब्द फोडून त, ते, ति, तो, तु अशी अक्षरं करायची आणि त्यांतून नवे शब्द जुळवायचे. इथे अर्थ लावणारा परीक्षक नव्हता, मंडळच अर्थ लावत होतं. त्या काळी ब्राझीलमध्ये निरक्षरांना मताचा अधिकार नव्हता, त्यामुळे हे बोलणं नुसतं बोलणं राहणार नव्हतं. १९६४च्या लष्करी उठावानंतर फ्रेइरे यांना सुमारे ७० दिवस तुरुंगात ठेवलं, मग त्यांना देश सोडावा लागला. ब्रेनांदची मूळ चित्रंही काढून घेतली गेली.

आमच्या हाती आलेल्या कार्डांचा साचा मात्र ‘ओह’ कार्डांचा होता. एली रामन या चित्रकाराने ती घडवली आणि १९८०च्या दशकात ती जर्मनीतून पसरली. ८८ चित्रं आणि ८८ शब्द. शब्दाचं कार्ड मोठं, चौकटीसारखं, चित्र त्याच्या मधोमध ठेवायचं. जोड्या होतात ७७४४. इंजिनिअर असल्यामुळे मी आधी हा गुणाकार केला, पण खरी मेख नियमांत आहे. कार्ड दाखवायचं नसेल तर न दाखवता परत ठेवता येतं. बोलणाऱ्याला कुणी मध्येच तोडायचं नाही. दुसऱ्याच्या कार्डाचा अर्थ आपण लावायचा नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा तोच, परवानग्या वेगळ्या. आमच्या रिसॉर्टवर कार्डं ‘ओह’सारखी होती, पण परवानग्या १९३५च्या होत्या.

गेल्या दिवाळीत मी जुन्या कॅलेंडरांतली चित्रं कापून घरीच कार्डं केली. फराळ झाल्यावर आई, आत्या, दादा आणि बाबा बसले. आधी नियम सांगितले. आत्या पुष्कळ बोलली, आई थोडं. बाबांनी कार्ड उचललं, बराच वेळ पाहिलं आणि उलटं ठेवलं. कुणी काही विचारलं नाही. नंतर ते आईला म्हणाले, “उद्या पुन्हा बसू.”

आवरताना त्यांचं कार्ड मला दिसलं. त्यावर काय होतं, ते इथे लिहीत नाही.