अॅलिस बोनर : नृत्यापासून रेषेपर्यंत

उदयशंकरांच्या नृत्यमंडळीच्या इतिहासात अॅलिस बोनर यांचे नाव येते ते बहुतेक वेळा पैशाच्या संदर्भात. श्रीमंत घरातल्या या स्विस बाईंनी मंडळी उभी करायला हातभार लावला, दौऱ्यांची व्यवस्था पाहिली आणि काही वर्षांनी त्या बाजूला झाल्या, एवढीच नोंद. भारतीय मूर्तिकलेच्या अभ्यासात मात्र हेच नाव १९६२ साली एका जाडजूड ग्रंथावर एकदम दिसते. या दोन नोंदी दोन वेगळ्या बायकांच्या वाटाव्यात इतक्या दूर पडल्या आहेत.

मधला रस्ता दाखवणारी साधने मुबलक आहेत. रेखाटने आणि छायाचित्रे झुरिकच्या रीटबर्ग संग्रहालयात आहेत. १९३४ ते १९६७ या काळातली रोजनिशी त्यांची बहीण जॉर्जेट बोनर आणि सोनी दांपत्याने संपादित केली आणि ती १९९३ साली प्रसिद्ध झाली. मोठी चित्रे वाराणसीच्या भारत कला भवनात आहेत, आणि ग्रंथ तर आहेतच. हे सारे तारखांच्या क्रमाने लावले की या बाईंनी आयुष्यभर एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला असे माझे मत होते: हलणाऱ्या देहातले चैतन्य स्थिर आकारात कसे उतरते?

त्यांचा जन्म १८८९चा, इटलीतल्या लेग्नागो गावचा. शिक्षण चित्र आणि शिल्पाचे. बाझेलला कार्ल बुर्कहार्ट या शिल्पकाराकडे त्या शिकल्या. १९२६ साली झुरिकमध्ये त्यांनी उदयशंकरांचा नाच पाहिला आणि मग त्यांना समोर ठेवून रेखाटने केली. इथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. उदयशंकर स्वतः मूळचे चित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये विल्यम रोथेनस्टाइन यांच्याकडे गेले होते. रशियन नर्तकी अॅना पाव्हलोव्हाबरोबर ते रंगमंचावर आले ते त्यानंतर. म्हणजे एका शिल्पकर्तीसमोर उभा होता चित्रकलेतून नृत्याकडे वळलेला कलावंत. रेघ कुठून निघते आणि वजन कुठे पडते हे दोघांनाही कळत होते. बोनर यांच्याकडे नुसती आश्रयदाती म्हणून पाहिले की भेटीचा हा अर्थच हरवतो.

१९३० साली दोघे भारतभर हिंडले. वाद्ये, वेशभूषा, कलाकार गोळा करणे हा उघड हेतू होता. पण बोनर यांच्या हातात कॅमेरा होता, आणि मंदिरे, मूर्ती, केरळातले नर्तक असे सारे त्यांनी टिपून ठेवले. मार्च १९३१मध्ये पॅरिसच्या शांझ एलिझे नाट्यगृहात मंडळीचा पहिला प्रयोग झाला. त्या मंडळीत सरोदवादक तिमिर बरन होते, कोवळ्या वयाचे रविशंकर होते आणि विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य विष्णुदास शिराळीही होते. त्यामुळे मराठी संगीताच्या इतिहासालाही हा अध्याय परका नाही.

१९३६ साली त्या काशीला अस्सी घाटावरच्या घरात राहायला आल्या आणि १९७८पर्यंत तिथेच राहिल्या. समोर गंगा, शेजारपाजारी पंडित, आणि थोड्याच काळात जवळच्या रीवा कोठीत फ्रेंच संगीतज्ञ आलेँ दानिएलू. शिल्प मागे पडले, चित्रकला पुढे आली. उपनिषदांचे वाचन आणि चिंतन रोजच्या कामात मिसळले. साधना वेगळ्या खोलीत आणि चित्र वेगळ्या खोलीत असा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. रोजनिशीचे महत्त्व इथे कळते. ग्रंथात माणूस निष्कर्ष मांडतो. रोजनिशीत तो त्या त्या दिवशीच्या शंकांसह सापडतो.

आणि मग वेरूळ. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या शिल्पपटांसमोर त्या दीर्घकाळ बसल्या. वेरूळला नाचणारा शिव एकदाच भेटत नाही. चौदाव्या, पंधराव्या, एकविसाव्या लेण्यात तो पुन्हा पुन्हा येतो. नर्तकाला वर्षानुवर्षे रेखाटलेली नजर त्या पटांसमोर आली होती, हे ध्यानात ठेवायला हवे. नाचणाऱ्या शिवाच्या देहात एक पाय भार पेलतो, दुसरा उचललेला असतो, हात चहूकडे फेकलेले असतात, आणि तरीही आकृती तोल सोडत नाही. हे कशामुळे घडते? बोनर यांचे उत्तर असे: पटाच्या केंद्रबिंदूभोवती एक वर्तुळ कल्पावे, व्यासांनी त्याचे सारखे भाग पाडावेत, त्या व्यासांना समांतर जीवा काढाव्यात, देवतांचे हात, पाय, आयुधे या जाळ्यावर पडतात. सारी हालचाल बिंदूपासून सुटते आणि बिंदूशीच बांधलेली राहते. वेरूळ, बदामी, महाबलीपुरम इथल्या शिल्पांवर अशा आकृत्या मांडून त्यांनी हिंदू शिल्पातील रचनातत्त्वांवरचा तो ग्रंथ सिद्ध केला. १९६२ साली तो लायडनहून निघाला.

या मांडणीवर आक्षेप घेता येतो आणि घ्यायलाच हवा. वर्तुळात पुरेशा रेषा काढल्या की कुठली तरी रेषा कुठल्या तरी हाताला लागणारच. त्यामुळे प्रत्येक आकृती सारख्याच भरवशाची नाही. पुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ओडिशातले पंडित सदाशिव रथ शर्मा यांच्यासह त्यांनी ‘शिल्पप्रकाश’ ही मंदिरवास्तूवरची पोथी १९६६ साली प्रसिद्ध केली. १९७२ साली कोणार्कवरचा ग्रंथ आला. आणि पिप्पलादाच्या नावावर असलेले ‘वास्तुसूत्र उपनिषद’ बेटिना बॉयमर यांच्या सहभागाने १९८२ साली, बोनर यांच्या मृत्यूनंतर, बाहेर आले. या उपनिषदात उभी रेषा अग्नीची, आडवी जलाची, तिरपी वायूची. बोनर यांना दगडात दिसलेलेच जणू तिथे सूत्ररूपाने लिहिलेले! इतका चोख मेळ पाहून अभ्यासकांनी या पोथ्यांच्या प्राचीनतेबद्दल शंका घेतल्या आहेत. मला त्या शंका रास्त वाटतात; पोथी शोधकाच्या मनासारखे बोलू लागली की इतिहासकाराने अधिक कठोर व्हावे.

पण तारखा बोनर यांच्या बाजूच्या आहेत. वेरूळचे पाहणे १९४०च्या दशकातले; पोथ्यांचे प्रकाशन त्यानंतर दोन-चार दशकांनी. पोथ्या उद्या पूर्णपणे बाजूला ठेवल्या तरी लेण्यांतले निरीक्षण त्यांच्यासोबत पडत नाही. त्याची परीक्षा दगडावरच व्हावी लागेल, आणि तो दगड छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीचे औरंगाबाद) तासाभराच्या अंतरावर आहे.

स्वतः बोनर यांनी ही परीक्षा चित्रफलकावर दिली. प्रकृती, विश्वरूप आणि काली या त्यांच्या चित्रत्रयीत उत्पत्ती, स्थिती आणि लय उभे राहतात. देहांची लय रंगमंचावरून आलेली, रचनेची शिस्त लेण्यांतून, आणि विषय काशीतल्या चिंतनातून. सिद्धांत मांडणारे पुष्कळ असतात. तो आपल्या कुंचल्यावर बंधन म्हणून घेणारे थोडे. म्हणून मी ही त्रयी त्यांच्या ग्रंथांच्या बरोबरीने साधन मानतो. १९७४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, १३ एप्रिल १९८१ रोजी झुरिकमध्ये त्यांचे निधन झाले. ती तिन्ही चित्रे भारत कला भवनात आहेत, आणि उदयशंकरांच्या चरित्रकारांनी आता तिथे जायला हवे.