पाळलेला पक्षी आणि राखलेले रान

फेझंट पक्ष्याच्या संगोपनाचा धंदा इंग्लंडात भरभराटीस आला. परंतु ज्या रोहे तालुक्याच्या डोंगरांत त्याचाच सगोत्र करडा रानकोंबडा पहाटे आरवतो, तेथे तो कधी उभा राहिला नाही, आणि याचे कारण लोकांच्या अनास्थेपेक्षा रान राखण्याच्या जुन्या रीतीत शोधावे लागते.

फेझंट इंग्लंडात मूळचा परकाच. त्याची जन्मभूमी कॉकेशसपासून पूर्वेकडे आशियाभर पसरलेली. एकोणिसाव्या शतकात तेथील जमीनदारांची शिकारीची हौस जसजशी वाढली, तसतशी रानातली पैदास अपुरी पडू लागली, आणि मग शिकाररानांचे रखवालदार अंडी गोळा करून ती साध्या खुडूक कोंबडीखाली उबवू लागले, पिले दाणा घालून वाढवू लागले आणि हंगामात तीच पाखरे हाकारून बंदुकीपुढे उडवू लागले.

खुडूक कोंबडीचे हे सामर्थ्य रोह्यातल्या घरधनिणीला कोणी शिकवावयास नको होते. पडवीच्या काळोख्या कोपऱ्यात, पेंढा घातलेल्या टोपलीत दहा-बारा अंडी मांडून तिला बसविले की दाण्यापाण्यापुरती ती खाली उतरे, कोणी हात पुढे केला तर पिसे फुलवून टोचा मारी, आणि एकविसाव्या दिवशी कवचे तडकू लागत. फेझंटच्या अंड्यांना तिने आणखी दोन-तीन दिवस दिले असते, इतकेच. पण शिकारीचा पक्षी तिच्याकडून वाढवून घेण्याची गरजच पडली नाही. कारण रोह्याला लागूनच जंजिरा संस्थानची सरहद्द होती, आणि तेथील नवाबांनी फणसाडचे रान स्वतःच्या शिकारीसाठी राखीव ठेवले होते. तोडीला आणि परक्या बंदुकीला मज्जाव असला की पुढचे काम रान स्वतःच करी.

अशा रानात वाढणाऱ्या करड्या रानकोंबड्याच्या मानेवरील पिसांवर लाखेच्या थेंबांसारखे चकचकीत पिवळट ठिपके असतात. सामन मासा पकडण्याच्या गळावर बांधण्याच्या कृत्रिम माश्यांसाठी विलायतेत या पिसांना मोठी मागणी होती. 1902 साली हिंदुस्थान सरकारने जंगली पक्ष्यांची कातडी व पिसे परदेशी पाठविण्यास बंदी केली. आणि पुढे सह्याद्रीचा हा पक्षी विलायतेत पिंजऱ्यांत पिसांसाठी पाळला जाऊ लागला. आपल्या पक्ष्याच्या संगोपनाचा धंदा, असा, परक्या मुलखात सुरू झाला.

येथे मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या शिकारीवर निर्बंध आले, आणि 1986 मध्ये फणसाड अभयारण्य जाहीर होऊन नवाबी बंदोबस्ताची जागा वनखात्याने घेतली. कोंबडीपालनाने याच काळात दुसरीच वाट धरली: ऊब यंत्राकडे गेली, आणि अंडी देणाऱ्या जातींतून खुडूक बसण्याची खोडच निवडीने काढून टाकण्यात आली, कारण खुडूक कोंबडी अंडी घालण्याचे थांबविते. त्याच कोंबडीची पिवळी कातडी मात्र करड्या रानकोंबड्याच्या वंशातून आलेली आहे, असे 2008 साली संशोधकांनी दाखविले.

पाळणाऱ्याच्या जमाखर्चात ऊब, दाणा, औषध आणि विक्री यांच्या नोंदी सापडतात. राखणाऱ्याच्या वहीत विकण्यासारखे काहीच नसते. धंद्याच्या इतिहासात फणसाडला जागा मिळत नाही ती यामुळे. पण रानकोंबडा टिकला आहे तो त्याच बिनविक्रीच्या वहीवर.